चोवीस जणी, एक ड्रॅगन बोट आणि हात सुजण्याची भीती

१९९६ च्या फेब्रुवारीत कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात चोवीस बायकांनी व्यायामशाळेत वजनं उचलायला सुरुवात केली. सगळ्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला होता. त्या काळी डॉक्टर ज्या गोष्टीपासून त्यांना जन्मभर लांब राहायला सांगत, नेमकी तीच गोष्ट त्या करत होत्या. जूनमध्ये त्यांना ड्रॅगन बोटीच्या शर्यतीत उतरायचं होतं. ड्रॅगन बोट म्हणजे लांबलचक, अरुंद, तोंडाशी ड्रॅगनचं डोकं लावलेली नाव. दहा बाकांवर दोन-दोन असे वीस जण वल्हवतात, एक जण पुढे बसून ढोल वाजवतो आणि एक जण मागे उभा राहून सुकाणू सांभाळतो. खांदे, दंड आणि पाठ यांना इतकं सलग कामाला लावणारे खेळ मोजकेच आहेत.

हा घाट घातला होता डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी. ते युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियातले क्रीडावैद्यक आणि व्यायामशास्त्राचे जाणकार. कर्करोगाचे डॉक्टर नव्हेत. मला हा तपशील मोलाचा वाटतो. ज्या खात्यात एखादा नियम वर्षानुवर्षं सांगितला जातो, त्या खात्यातल्या लोकांना तो नियम कुणी तपासलाय का, हा प्रश्न सहसा पडत नाही. खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या माणसाला तो पडला, कारण त्याच्या रोजच्या कामात दुखावलेला अवयव कायमचा बाजूला ठेवणं हा उपचार नसतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या फुटबॉलपटूला तो ‘आता जपून चाल’ एवढंच सांगून घरी पाठवत नाही. हळूहळू भार वाढवत परत मैदानावर आणतो.

भीती कशाची होती

स्तनाच्या कर्करोगात आजार काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत, आपण ज्यांना काखेतल्या गाठी म्हणतो तिथपर्यंत, लवकर पोचतो. म्हणून शस्त्रक्रियेत त्या गाठी काढल्या जातात. त्या काळी सरसकट बऱ्याचशा काढत. आता पहिल्या एक-दोन गाठी तपासून, त्यात आजार नसेल तर बाकीच्या ठेवून देण्याची पद्धत आहे. दंडापासून बोटांपर्यंतच्या पेशींमधला जादा द्रव, म्हणजे लसिका, याच वाटेने परत रक्तात जातो. गाठी गेल्या, त्यावर रेडिएशन झालं, की ही वाट अरुंद होते. काहींचा हात मग सुजायला लागतो. अंगठी घट्ट होते, ब्लाउजची बाही चढत नाही, हात जड पडतो, त्वचा ताणल्यासारखी वाटते. हाच लिम्फिडीमा. तो शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांत येऊ शकतो तसा काही वर्षांनीही येऊ शकतो, आणि एकदा जुनावला की पूर्ण जात नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये काढलेल्या आकड्यांनुसार काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या बायकांमध्ये त्याचं प्रमाण साधारण २० टक्के होतं. फक्त पहिल्या गाठी काढून तपासलेल्यांमध्ये साडेपाच टक्क्यांच्या आसपास.

आता जुन्या सल्ल्यामागचा तर्क बघा. स्नायू काम करायला लागला की त्याच्याकडे रक्त जास्त जातं. रक्त जास्त, तर पेशींमध्ये झिरपणारा द्रवही जास्त. घाटात दरड कोसळून एकच पट्टा उरला असताना वर गाड्या वाढवल्या तर कोंडी होणारच. तेव्हा हाताला काम देऊ नका. जड पिशवी नको, मूल उचलायला नको, पुन्हापुन्हा तीच हालचाल होईल असं काही नको. तर्क कागदावर बरोबर दिसतो, म्हणूनच तो टिकला.

त्यात एक बाजू मात्र राहून गेली होती. रक्ताला ढकलायला हृदय आहे, लसिकेला तसा पंप नाही. तिच्या नळ्यांच्या भिंती स्वतः थोड्या आकुंचन पावतात, आत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, आणि बाकीचं काम आजूबाजूचे स्नायू आवळून-सैलावून करतात. श्वासाचाही हातभार असतो. म्हणजे व्यायामाने द्रव तयार होण्याचं प्रमाण वाढतं, तसं तो वाहून नेण्याचं प्रमाणही वाढतं. यातलं जास्त काय वाढतं, हे नुसतं विचार करून ठरणारं नव्हतं. हात मोजूनच कळलं असतं, आणि नेमकं तेच झालेलं नव्हतं.

नावच का

मॅकेन्झींना साधे डंबेल देऊन, हात मोजून, शांतपणे एक शोधनिबंध लिहिता आला असता. त्यांनी नाव निवडली त्याची कारणं त्यांनी १९९८ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात मांडली. वल्हवण्यात हात आणि खांद्यांना जोरकस, एकसारखं काम मिळतं, म्हणजे भीती जर खरी असेल तर ती इथे दिसायलाच हवी. शरीराचं वजन पायांवर येत नाही, त्यामुळे गुडघे-घोट्यांच्या दुखापती कमी. वयाने आणि ताकदीने वेगवेगळ्या बायका एकाच नावेत बसू शकतात. आणि ती दिसते. काठावरच्या गर्दीला, वर्तमानपत्रांना, नुकतंच निदान झालेल्या एखाद्या बाईला.

शहरही अनुकूल होतं. व्हँकुव्हरमध्ये चिनी वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे आणि १९८६ च्या जागतिक प्रदर्शनापासून तिथे ड्रॅगन बोटींच्या शर्यती रुजल्या होत्या. चीनमध्ये ही परंपरा दोन हजार वर्षांहून जुनी. चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पंचमीला शर्यती होतात. म्हणजे नावा होत्या, शिकवणारे होते, जूनचा उत्सव होता. फक्त संघ नवा होता. त्याचं नाव पडलं ‘अब्रेस्ट इन अ बोट’.

आता वल्हं मारणं म्हणजे नेमकं काय, ते थोडं जवळून बघू, कारण काखेच्या दृष्टीने सगळं त्यातच आहे. माणूस बाकाच्या कडेला, नावेच्या भिंतीला मांडी टेकवून बसतो. वल्हं दोन्ही हातांनी धरायचं, वरचा हात मुठीवर, खालचा पात्याच्या जरा वर. कमरेतून पुढे झुकून आणि खांदा वळवून वल्हं जितकं पुढे नेता येईल तितकं न्यायचं. इथे काख पूर्ण उघडते आणि शस्त्रक्रियेचा व्रण ताणला जातो. मग पातं पाण्यात पुरतं बुडवून अख्ख्या पाठीने मागे ओढायचं, मांडीपर्यंत आलं की बाहेर, पुन्हा पुढे. शर्यतीत हे मिनिटाला साठ-सत्तर वेळा, तेही ढोलाच्या ठेक्यावर. आपल्याला दम लागला म्हणून थांबायची सोय नाही, कारण पुढच्या बाकावरचं वल्हं आणि आपलं वल्हं एकमेकांवर आपटेल. शिवाय नावेत जी बाजू मिळाली त्याच बाजूला वल्हवत राहावं लागतं. जुन्या नियमांच्या पुस्तकातून निवडून काढल्यासारखी ही हालचाल आहे: जोराची, तीच तीच, हात उंचावून.

पण फेब्रुवारीत कुणालाही नावेत बसवलं नाही. आधीचे आठवडे व्यायामशाळेत गेले. ताणाचे व्यायाम, दमश्वास वाढवणारे व्यायाम, आणि अगदी हलक्यापासून सुरुवात करून चढत जाणारी वजनं. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट नजर ठेवून होते. पाण्यावर त्या वसंतात उतरल्या. शर्यतीचे फोटो आणि गुलाबी टोप्या सगळ्यांना माहीत आहेत. हा व्यायामशाळेतला कंटाळवाणा काळ फारसा कुणी सांगत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे.

झालं काय

जूनमध्ये त्या शर्यतीत उतरल्या. त्या हंगामात एकीलाही नव्याने लिम्फिडीमा झाला नाही, आणि ज्यांना आधीपासून होता त्यांचा वाढला नाही. त्याच विद्यापीठातल्या दोन संशोधक बायकांनी वल्हवणाऱ्या वीस जणींचे दोन्ही हात टेपने मोजून २००० साली निष्कर्ष छापले. बदल बहुतांशी किरकोळ होते. ताकद वाढली, दम वाढला. आणि ज्या बायका मोसम संपल्यावर घरी जायच्या होत्या त्या गेल्या नाहीत. पुढच्या वर्षी आणखी आल्या, मग इतर शहरांत संघ निघाले, मग इतर देशांत. २०१० मध्ये या संघांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तीसहून अधिक देशांत आज असे दोनशेहून जास्त संघ आहेत, २०१८ मध्ये फ्लोरेन्सला अर्नो नदीवर आणि २०२३ मध्ये न्यूझीलंडला त्यांचे मेळे भरले.

मात्र जरा थांबायला हवं. या चोवीस जणींनी काय सिद्ध केलं? काटेकोरपणे बोलायचं तर फार थोडं. त्या स्वतःहून पुढे आल्या होत्या. जिला आधीच हात जड वाटतोय, जिला केमोनंतर जिना चढवत नाही, ती असल्या भानगडीत पडेल कशाला? तुलनेसाठी व्यायाम न करणारा दुसरा गट नव्हता. काळ थोडा होता, आणि लिम्फिडीमा तर वर्षांनी येऊ शकतो. साधारण २० टक्क्यांना होणारी गोष्ट चोवीस जणींमध्ये काही महिन्यांत दिसली नाही, यात योगायोगाला भरपूर जागा आहे. मॅकेन्झींनीही हा अंतिम पुरावा असल्याचा दावा केला नाही. २००३ मध्ये त्यांनीच, आधीपासून एक हात सुजलेल्या चौदा जणींवर आठ आठवड्यांचा छोटा प्रयोग छापला. अर्ध्यांना हातांचा व्यायाम, अर्ध्यांना नाही. हाताचं आकारमान व्यायामाने वाढलं नाही, आणि व्यायाम करणाऱ्यांचं अंगात त्राण असल्याचं स्वतःचं मूल्यमापन सुधारलं. तोही लहानच प्रयोग.

तरी नावेचं श्रेय कमी होत नाही. ‘असं केलं तर हात सुजेल’ या विधानाला एक उलटं उदाहरण मिळालं, आणि तेही भर उत्सवात, शेकडो लोकांसमोर. आता मोठी चाचणी करणं नीतिमत्तेला धरून आहे, असं संशोधन समित्यांना पटवणं सोपं झालं. याआधी कुणी ‘लिम्फिडीमाच्या रुग्णांना वजनं उचलायला लावतो’ म्हणून अर्ज केला असता, तर समितीने त्याच्याकडे कसं पाहिलं असतं याची कल्पना करावी.

फिलाडेल्फियातला पक्का जबाब

तो जबाब अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कॅथरीन श्मिट्झ यांच्या गटाने दिला. आधीच लिम्फिडीमा असलेल्या १४१ बायका, चिठ्ठ्या टाकून दोन गट, एका गटाला आठवड्यातून दोनदा वजनं, वर्षभर. निकाल २००९ मध्ये छापून आला. हाताची सूज ५ टक्के किंवा जास्त वाढलेल्या बायका वजनं उचलणाऱ्या गटात ११ टक्के, दुसऱ्या गटात १२ टक्के. म्हणजे फरक नाहीच. पण लिम्फिडीमा अचानक बळावून उपचार घ्यावे लागण्याचे प्रसंग बघितले तर वजनं उचलणाऱ्यांपैकी १४ टक्क्यांवर आले आणि न उचलणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांवर. ज्या गोष्टीने हात बिघडेल म्हणत होते, तिनेच तो सांभाळला.

वर्षभराने त्यांनी दुसरा निकाल दिला. या वेळी लिम्फिडीमा अजून झालेला नाही पण होण्याची भीती आहे अशा १५४ जणी. वर्षअखेर हात सुजल्याचं प्रमाण वजनं उचलणाऱ्यांमध्ये ११ टक्के, बाकीच्यांमध्ये १७. पाच किंवा जास्त गाठी काढलेल्यांचं वेगळं बघितलं तर ७ विरुद्ध २२ टक्के.

या चाचणीची रीत आकड्यांइतकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिले १३ आठवडे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, छोट्या गटात, सार्वजनिक व्यायामशाळेत. सुरुवात जवळपास शून्य वजनापासून. ज्यांना लिम्फिडीमा होता त्यांनी व्यायामाच्या वेळी मापाने शिवलेली दाबाची बाही, म्हणजे कॉम्प्रेशन स्लीव्ह, घालायचीच. एका वजनावर दोन सत्रं काही त्रास न होता पार पडली तर पुढचं सगळ्यात लहान वजन. हात कसा आहे, जड वाटतोय का, हे नियमाने विचारलं जाई. आणि वरची मर्यादा नाही. जिचा हात सांभाळत गेला ती कितीही वर जाऊ शकत होती.

श्मिट्झ यांचं म्हणणं थोडक्यात असं. हात वापरला नाही की त्याची क्षमता घटते. क्षमता घटली की ओलं धुणं पिळणं, सिलिंडर सरकवणं, रडणाऱ्या नातवंडाला झटकन उचलणं, असली रोजची कामंसुद्धा त्या हातासाठी अति होऊन बसतात. ती कामं टळत नाहीत. मग ज्या ओझ्याने हात सुजतो ते ओझं सल्ल्यानेच आणखी हलकं करून ठेवलेलं असतं. व्यायामाने ती रेघ वर सरकते.

‘त्या हाताला काही लागू देऊ नका’ या यादीतल्या इतर गोष्टीही पुढे तपासल्या गेल्या. अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने सहाशेहून अधिक रुग्णांचे हात वर्षानुवर्षं मोजून २०१६ मध्ये सांगितलं, की त्या हातातून रक्त काढणं, सुई टोचणं, रक्तदाबाचा पट्टा बांधणं, विमानप्रवास, यांचा सूज येण्याशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो जास्त वजनाशी, काखेतल्या सगळ्या गाठी काढण्याशी, तिथल्या रेडिएशनशी आणि त्या हाताच्या त्वचेच्या जंतुसंसर्गाशी. म्हणजे इंजेक्शनची धास्ती घेण्यापेक्षा भाजी चिरताना कापलेल्या बोटाकडे, हाताला पडलेल्या भेगेकडे, चिघळलेल्या नखाकडे वेळेवर लक्ष देणं फायद्याचं.

नाव नाही, नावेमागचं माणूस

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल की मग सगळ्यांना व्यायाम करा म्हणून सांगून टाकावं. इथेच प्रकरण वळण घेतं.

श्मिट्झ यांच्याच गटाने पुढे वजन जास्त आणि हात सुजलेल्या ३५१ बायकांवर वर्षभराची चाचणी केली. व्यायाम घरच्या घरी, वजन घटवण्याचा आहार, दोन्ही मिळून, किंवा नेहमीचीच काळजी, असे चार गट. २०२० चा निकाल निराशाजनक होता: लिम्फिडीमात कुठल्याच गटाला फरक पडला नाही. अपायही झाला नाही, पण २००९ चा फायदाही दिसला नाही. आधीच्या चाचणीत व्यायामशाळा होती, गट होता, प्रशिक्षक होता; इथे बहुतेक काळ बाई आणि तिच्या घरातले डंबेल. हे एकमेव कारण असेल असं नाही, पण मी ते दुर्लक्षित करणार नाही.

याच्या जोडीला २०२५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेली चॅलेंज ही चाचणी ठेवून बघावी. अवयव वेगळा, मोठ्या आतड्याचा कर्करोग. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांच्या पुढाकाराने २००९ पासून चाललेली, ८८९ रुग्ण, शस्त्रक्रिया आणि केमो दोन्ही झालेले. एका गटाला तीन वर्षं आखून दिलेला व्यायाम. भरभर चालणं निवडलं तर आठवड्यातून तीन-चार दिवस पाऊण ते एक तास, इतपत. दुसऱ्या गटाला आहार आणि व्यायाम यांची माहिती देणारी पुस्तिका. पाच वर्षांनी आजार न उलटता जिवंत असलेले पहिल्या गटात ८०.३ टक्के, दुसऱ्या गटात ७३.९. आठ वर्षांनी हयात असलेले ९०.३ विरुद्ध ८३.२ टक्के. व्यायामाने बरं वाटतं हे आधीपासून दिसत होतं. कर्करोगानंतर आखीव व्यायामाने आयुष्य वाढतं, हे चिठ्ठ्या टाकून केलेल्या इतक्या मोठ्या चाचणीत प्रथमच दिसलं. किंमतही नोंदलेली आहे: स्नायू-सांध्यांच्या तक्रारी व्यायाम करणाऱ्यांमध्ये १८.५ टक्के, दुसरीकडे ११.५.

मला यातला खरा धडा पुस्तिकेत दिसतो. दुसऱ्या गटालाही व्यायाम चांगला असतो हे सांगितलेलंच होतं. पहिल्या गटाला त्यापेक्षा जास्त मिळालं ते एक प्रशिक्षित माणूस: सुरुवातीचे सहा महिने दर पंधरवड्याला भेटणारं, गेल्या वेळी किती चाललात विचारणारं, पाय दुखतोय म्हटल्यावर आखणी बदलून देणारं. व्हँकुव्हरच्या नावेत तेच होतं, फिलाडेल्फियाच्या व्यायामशाळेत तेच होतं. आखणी, मोजमाप आणि चुकल्यावर ओळखणारं माणूस. नाव त्याचं देखणं रूप झालं, इतकंच.

देखण्या रूपाला कमी लेखायचं मात्र कारण नाही. वल्हवणाऱ्या बायकांवर झालेल्या अभ्यासांत एक गोष्ट वारंवार येते, की त्यांना आधारगटात गोल करून बसून आजाराबद्दल बोलायचं नव्हतं. नावेत सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला असतं, वल्हवताना बोलताही येत नाही, आणि तरी बाजूच्या बाकावरचीला काय झालंय हे न सांगता माहीत असतं. ज्यांना रडायचं त्या किनाऱ्यावर चहाच्या वेळी रडतात. (गुलाबी रंगाच्या एकूण प्रस्थाविषयी माझं मत फारसं बरं नाही, आजाराला इतकं गोंडस करू नये. पण ज्यांच्या अंगावर तो रंग आहे त्यांनी वल्हं मारून तो कमावलाय, हे कबूल.)

आपल्याकडे

भारतात बायकांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडच्या रुग्ण सरासरीने दहाएक वर्षांनी तरुण असतात आणि बऱ्याच जणी गाठ मोठी झाल्यावर येतात. त्यामुळे काखेतल्या गाठी पूर्ण काढाव्या लागण्याचं प्रमाणही जास्त. म्हणजे लिम्फिडीमाची जोखीम असलेली बाई इथे चाळिशी-पंचेचाळिशीची, घर चालवणारी, शेतात किंवा नोकरीवर जाणारी असते. ‘या हाताने जड काही उचलायचं नाही’ हे वाक्य तिला घरी जाताना मिळतं. खुरपणी कोण करणार, पाण्याची घागर कोण आणणार, हे त्या वाक्यात नसतं. घरचे प्रेमाने आणखी दोन पावलं पुढे जातात. सासू कणीक मळू देत नाही, नवरा भाजीची पिशवी हातातून काढून घेतो, शेजारीण येऊन सांगते की तुमचं आता आरामाचंच वय. केमोचा थकवा असतोच. तो झोपून जात नाही हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. आजच्या घडीला कर्करोगातल्या थकव्यावर ज्या उपायाचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे तो व्यायामच. क्रीडावैद्यकाच्या अमेरिकन संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये दिलेलं प्रमाण अगदी आटोक्यातलं आहे: आठवड्यातून तीनदा अर्धा तास दम लागेल पण बोलता येईल इतपत चालणं, आणि दोनदा स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. थकवा, चिंता, मरगळ या तिन्हींवर निदान बारा आठवड्यांत उपयोग दिसतो.

यासाठी पंचगंगेत ड्रॅगन बोट सोडायची गरज नाही. शिंप्याचा टेप लागतो. मनगटापासून वर ठरावीक अंतरांवर खुणा करून दोन्ही हातांचे घेर शस्त्रक्रियेच्या आधीच लिहून ठेवायचे, कारण उजवा-डावा हात मुळातच सारखा नसतो आणि नंतर तुलना कशाशी करायची हा प्रश्न पडतो. मग दर महिन्याला तेच. एखाद्या जागी दोन सेंटीमीटरचा फरक पडला की फिजिओथेरपिस्टला दाखवायचं. आधी जड वाटलं तर फरक पडायची वाटही बघायची नाही. भिंतीवर बोटं चढवत नेण्याचे व्यायाम आपल्याकडे बहुतेक ठिकाणी शिकवतात, आणि खांदा जखडू नये म्हणून ते हवेतच. अडचण अशी की बहुतेक जणींचा व्यायाम तिथेच संपतो. खांदा फिरायला लागला म्हणजे हात ताकदीचा झाला असं नाही. पुढचा टप्पा, अर्ध्या किलोपासून वर जाणारी वजनं, तो शिकवणारा माणूस तालुक्याच्या गावी सापडत नाही, आणि जिल्ह्याच्या गावी सापडला तर दर खेपेचं भाडं आणि बुडालेला रोज मध्ये येतो. बाहीचा खर्चही आहेच. मापाची, चांगली बाही स्वस्त नसते आणि काही महिन्यांनी सैल पडते.

काहींनी मात्र आपणहून सुरुवात करू नये, आधी डॉक्टरांशी बोलावं. आजार हाडांत पसरलेला असेल तर कुठलं हाड कमकुवत आहे हे कळल्याशिवाय वजन उचलणं धोक्याचं. केमो चालू असताना ताप असेल, प्लेटलेट फार खाली असतील, उभं राहिल्यावर भोवळ येत असेल, तर त्या दिवशी व्यायाम नाही. हृदयावर परिणाम करू शकणारी औषधं झाली असतील तर दम किती लागतो याकडे जास्त लक्ष. आणि हात लाल, गरम झाला, थंडी वाजून ताप आला, तर तो व्यायामाचा प्रश्नच नाही. ते जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

बाकीच्यांसाठी फिलाडेल्फियाच्या रीतीतली आणखी एक गोष्ट, जी घरोघरी चुकते. व्यायामात खंड पडला की जुन्या वजनावर परत उडी मारायची नाही. दिवाळीत माणसं येतात, लग्नाला गावी जावं लागतं, मध्येच आठवडाभर तापाने अंथरूण धरावं लागतं. परत आल्यावर दोन-तीन पायऱ्या खाली उतरून सुरुवात करायची आणि पुन्हा त्याच हिशोबाने, दोन सत्रं बिनतक्रार गेली की एक पायरी वर, असं चढायचं. दोन किलोवर पोचलेल्या बाईला पुन्हा एक किलो हातात घेणं अपमानाचं वाटतं. तरी एक किलोच घ्यावं.